सरकारच्या वर्षाला धोंडा नसतो

यंदा पुन्हा धोंडा आला. पंचांगात त्याला अधिक मास म्हणतात, पोथीत पुरुषोत्तम मास म्हणतात. आमच्या मिरजगावाकडे तो नुसता धोंडा. अडीच-तीन वर्षांनी एकदा येतो आणि आला की जावयांची चंगळ आणि सासवांची धावपळ सुरू होते. आमच्या आळीत आज सकाळपासून चार घरांत पुरण शिजतंय. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, त्याचे गोळे तळायचे, ते धोंडे जावयाला पाटावर बसवून पोटभर वाढायचे आणि उठताना तेहतीस अनारशांचं वाण त्याच्या हातात द्यायचं. माझ्या अनारशांना आता पूर्वीसारखी जाळी पडत नाही. सुना म्हणतात, तुम्ही नुसत्या बसून सांगा. म्हणून मी बसून आहे, आणि बसलेल्या माणसाला आठवणींवाचून दुसरं काम नसतं.

शेजारच्या सुनंदाचा नवरा फौजेत आहे. ती काल पीठ चाळायला आली होती. तिला विचारलं, जावई धोंड्याला यायचेत का? तर म्हणाली, नाही आजी, त्यांचं फील्ड चालू आहे. फील्ड म्हणजे सरहद्दीवरची नेमणूक, जिथे बायकापोरं नेता येत नाहीत. ती अडीच वर्षांची असते म्हणे. त्यातलं सव्वा वर्ष सरलं. मग शांततेच्या गावात बदली, त्याला पीस म्हणायचं. तिथे खोली मिळते, हिलाही जाता येईल. मी विचारलं, आणि त्यानंतर? पुन्हा फील्ड, ती म्हणाली, पाळीपाळीनं. पाटाच्या पाण्याची पाळी सांगावी तितक्या सहज तिने ते सांगितलं आणि चाळण आपटून कोंडा बाजूला केला.

मला तिचा हेवा वाटला. वय झालं म्हणून हेवा वाटायचा थांबत नाही. तिच्याकडे आकडा होता. आमच्या वेळी कुणी आकडा द्यायचं नाही, आणि दिलाच तर तो कुठल्या पंचांगाचा हे सांगायचं नाही.

माझं माहेर शेवगावचं. वडील शाळामास्तर, म्हणून मला सातवीपर्यंत शिकवलं. कुणब्याच्या पोरीला एवढं कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. लग्न झालं तेव्हा मोठी लढाई सुरू होऊन तीन वर्षं होत आली होती. नवरा फौजेत लॉरीवर ड्रायव्हर. घरची कोरडवाहू जमीन, बाप लवकर गेलेला, हे एकुलते एक. तिफण धरणारा माणूस नगरजवळच्या भिंगारच्या कॅम्पात सहा महिन्यांत मोटार चालवायला शिकला, याचं गावाला मोठं नवल होतं. जमीन चुलत दीर वाट्याने करायचे आणि घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या. मी गेले आणि आम्ही दोघी झालो.

लग्नानंतर दोनच महिन्यांत धोंडा लागला. नव्या जावयाचा पहिला धोंडा म्हणून माझ्या आईने हौसेने सगळं केलं. साखर मिळत नव्हती, अनारसे गुळाचे केले. हे पाटावर पाठ ताठ ठेवून बसले होते, जणू साहेब तपासणीला येणार आहे. सात धोंडे खाल्ले आणि आठव्याला हात आडवा केला. आई म्हणाली, जावईबापू लाजतात. लाजत वगैरे नव्हते. चार दिवसांनी बोटीवर चढायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हाला ते त्यांनी हात धुताना सांगितलं.

पहिल्या पत्रात त्यांनी लिहिलं, 'तीन वर्षे भरली म्हणजे मोठी रजा देतात असे साहेब म्हणाले.' मुलुख कुठला ते लिहायला बंदी होती. लिहिलं तरी वरून काळी शाई फासलेली यायची. त्यामुळे पत्रात वाचण्यासारखं तेवढं एकच वाक्य होतं. मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, तीन वर्सं म्हंजी किती? मी म्हटलं, छत्तीस महिने. त्या उठल्या, चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आणि कणगीमागच्या भिंतीवर एक ठिपका काढला.

त्या दिवसापासून दर अमावास्येला एक ठिपका. आमच्याकडे अमावास्येला औत धरत नाहीत, बैलांना सुट्टी असते, त्यामुळे ती तिथी विसरायची सोयच नाही. आत्याबाई हिशेबाला चोख. हे गेले त्यानंतर चार दिवसांनीच एक अमावास्या आली होती. ती त्यांनी धरली नाही. म्हणाल्या, लेक अजून बोटीत बसला नसंल, ती सरकारच्या अंगावर कशाला घालायची? पुढची धरली. सरकारशी इतक्या प्रामाणिकपणे वागणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

माणूस लांब गेला की घरात काय बदलतं, असं पुढे मी शिकवायला लागल्यावर शाळेतल्या मुली मला विचारायच्या. फार काही बदलत नाही. जोंधळा पेरला जातो, काढला जातो, खळं होतं. दोन भाकरी कमी थापायच्या एवढंच. पण सगळ्या कामांना एक टोक येतं. आत्याबाई म्हणायच्या, ही सुगी दुसरी, अजून एक गेली की झालं. कापसाची गादी भरली नाही, तो आल्यावर भरू. दाराची बिजागरी मोडली, ती दोराने बांधून ठेवली, तो आल्यावर बसवील. तीन वर्षांत घरातल्या निम्म्या वस्तू 'तो आल्यावर'च्या आधाराने उभ्या होत्या. मीही त्यातलीच एक. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि नवऱ्याबरोबर काढलेले दिवस मोजले तर दोन महिने भरत नव्हते.

मग दुसरा धोंडा आला. तो भर उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. मी माहेरी गेले होते. जावई नाही तर वाण कुणाला द्यायचं, असा पेच आईला पडला. भिंगारला काढलेला यांचा वर्दीतला एक फोटो माझ्याकडे होता. आईने तो पाटावर ठेवला, कुंकू लावलं, पुढे धोंड्यांचं ताट मांडलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परत आल्यावर आत्याबाईंना कौतुकाने सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. फोटोपुढे ताट गेलेल्या माणसाच्या ठेवतात, हे शिकलेल्या घरात कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः पुरण घातलं, यांचं जुनं पागोटं पाटावर ठेवलं, त्याला ओवाळलं आणि ते ताट दारासमोरच्या गाईला घातलं. मनातलं किल्मिष काढून टाकायची त्यांची ही रीत होती.

धोंड्यानंतरच्या अमावास्येला छत्तिसावा ठिपका पडला. त्याच आठवड्यात जर्मन हरल्याची बातमी मिरजगावच्या बाजारातून आली. झालं, आत्याबाईंनी घर सारवायला घेतलं. गादी भरून आणली. पण आठ दिवस गेले, दहा गेले, माणूस नाही आणि दोन महिन्यांत पत्रही नाही. गावात लोक काय बोलायचे ते बोललेच. एकजण म्हणाला, तिकडची लढाई सरली म्हणून जपानवर धाडला असेल. दुसऱ्याने तोंडाने काही म्हटलं नाही, नुसती मान हलवली, ते जास्त वाईट होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं झालं.

मला इथे एक कबूल केलं पाहिजे. मी सातवी शिकलेली. इंग्रजी महिने कसे मोजतात ते मला येत होतं. कागद-पेन्सिल घेऊन बसले असते तर अमावास्यांचा हिशेब कुठे घसरतो ते अर्ध्या तासात कळलं असतं. पण बसले नाही. चुन्याचे ठिपके यांना लवकर घरी आणत होते, आणि लवकरचा हिशेब कोण तपासून पाहतो?

शेवटी आम्ही दोघी भिंगारला निघालो. लढाईत पेट्रोलची टंचाई, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे शेगडीसारखा डबा, त्यात कोळसा पेटवायचा, चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. पहाटे मिरजगावात बसलो ते दुपार टळता टळता नगरला पोचलो, तोंडं काळी करून. भिंगारच्या बाजाराच्या नळावर ती धुतली. आत्याबाई म्हणाल्या, पदर नीट घे, साहेबापुढं जायचंय. साहेब कसला भेटतो! दफ्तराच्या ओट्यावर एक कारकून भेटले. भिंगारचेच, वयस्क, नाकावर चष्मा, बोलणं शांत. त्यांच्यापुढे अशा आया-बायका रोज येत असाव्यात, कारण त्यांनी आम्हाला आधी बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

आत्याबाईंनी सरळ विषयाला हात घातला. तीन वर्षं भरून गेली, माझा लेक का आला नाही? कारकुनांनी नाव-नंबर विचारला, वही काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, बाई, तीन वर्षं अजून भरली नाहीत, वीस-बावीस दिवस बाकी आहेत. आत्याबाई म्हणाल्या, छत्तीस अमावास्या झाल्या, मी स्वतः मोजल्या. कारकून हसले नाहीत, हे मी त्यांचं आजवर विसरले नाही. त्यांनी बोटांवर मोजून समजावलं. आपला महिना अमावास्येचा, तो लहान. इंग्रजी वर्ष मोठं. तीन वर्षांत साधारण एका महिन्याचा फरक पडतो, तोच भरून काढायला आपल्यात धोंडा घालतात. तुम्ही धोंड्याची अमावास्याही छत्तिसात धरलीत.

"मंग सरकारच्या वर्साला धोंडा नसतो?" आत्याबाईंनी विचारलं.

"नसतो, बाई."

"म्हंजी ते दर म्हैन्याला थोडं थोडं ज्यादा घेत्यात. आमी एकदम देतो, ते कळू न देता घेत्यात."

कारकुनांनी वही मिटली. मग म्हणाले, असंच म्हणा.

उठता उठता आत्याबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, आणि खरं तर त्यासाठीच त्या एवढ्या लांब आल्या होत्या. "आन रजा सरली की परत धाडत्यात का?"

कारकुनांनी चष्मा काढून पुसला. धाडतात, म्हणाले. तीन वर्षांचा करार काही नाही, लढाई असेपर्यंत माणूस सरकारचा. दोन महिने रजा मिळते, मग पलटण जिकडे असेल तिकडे. पण, असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला, तीन वर्षं बाहेर काढलेल्या माणसाने अर्ज केला तर नव्या पोरांना मोटार शिकवायला इथे भिंगारच्या डेपोत ठेवून घेतात. सध्या माणसं हवी आहेत. अर्ज त्याने स्वतः करायचा असतो, आईने किंवा बायकोने केलेला चालत नाही. एवढं त्याच्या कानावर घाला.

परतीच्या मोटारीत चढावर उतरून चालताना आत्याबाई माझ्यापुढे होत्या. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची बाई पोरीसारखी चालत होती. भिंगार म्हणजे काय, एका दिवसाची वाट. अमावास्येला येईल, पोळ्याला येईल, जमलं तर आपण भाकरी घेऊन जाऊ. एक अर्ज, बस. त्या रस्त्यावर मी जितकी सुखी झाले तितकी पुढे फार थोड्या वेळा झाले. कोळशाचा धूर सगळा अंगावर येत होता.

हे आले ते आर्द्रात, सगळ्या गावाची बाजरी पेरून होत आली तेव्हा. रजा दोन महिने. रंग रापलेला, बोलणं थोडं. जेवायला बसले की पाच मिनिटांत ताट स्वच्छ. कुणी वडीलधारं आलं की ताडकन उभे राहायचे, आलेला माणूसच दचकायचा. कोळपं धरलं तर चालताना उजवा पाय मध्येच दाबल्यासारखा करायचे, बैल थांबवायचे तर ब्रेक शोधायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. दाराची बिजागरी त्यांनी पहिल्याच दिवशी बसवली.

आणि दिवसभर तोंडात एकच नाव, यशवंता. हा यशवंता शेवगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला, यांच्या लॉरीवरचा जोडीदार. एक चालवायचा तेव्हा दुसरा झोपायचा. यशवंता म्हणतो, चहात मीठ घातलं की तहान लागत नाही. यशवंताला पोहता येत नाही. यशवंता झोपेत बैलांना हाका मारतो. मी एकदा म्हटलं, मला सवत आहे हे लग्नात सांगितलं नाहीत, ती पण मिशीवाली. त्यावर फार हसले आणि ते यशवंताला लिहून कळवीन म्हणाले.

अर्जाचं मी लगेच काढलं नाही. आत्याबाई रोज डोळ्यांनी विचारायच्या, मी डोळ्यांनी सांगायची, थांबा. तेच आपणहून बोलतील असं मला वाटत होतं. नागपंचमीला झोके बांधले आणि दोन दिवसांनी जपानही शरण गेल्याची बातमी आली. चावडीपुढे गूळ वाटला. मला वाटलं आता काय, लढाईच संपली, विचारायलाही नको. त्याच दुपारी आम्ही बाजरी खुरपत होतो, तेव्हा मी भिंगारच्या कारकुनांचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं.

ते खुरपं चालवत राहिले. म्हणाले, "ठावं हाय मला. बोटीतनं उतरल्यावरच साहेबानं इचारलंवतं."

"मग?"

"न्हाई म्हनलो."

मी खुरपं खाली ठेवलं. ते सांगू लागले. तीन वर्षं ज्याची त्याची वेगळी मोजतात. यशवंता यांच्यामागून नऊ महिन्यांनी आलेला, त्याचे नऊ महिने बाकी. लढाई संपली तरी मलायात फौज जायची आहे, लॉऱ्या जायच्या आहेत. यशवंताला एकटं धाडलं तर दुसरा कुणी नवखा जोडीला देतील. "तो झोपल्यावर गाडी कोन हाकनार? मला हितं झोप लागंल का?" एवढं बोलून ते पुन्हा खुरपायला लागले. जोडीतला एक बैल सोडून दुसरा गोठ्यात कसा येईल, असं काहीसं पुटपुटले.

मी खुरपं पुन्हा उचललं. भांडले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. आम्हाला भांडायचीसुद्धा सवय नव्हती, तेवढे दिवस एकत्र काढलेच नव्हते. बाजरीच्या पुढच्या ओळीला लागले. डोक्यात एकच येत होतं की आम्ही कारकुनांना प्रश्नच चुकीचा विचारला. धाडतात का, हे विचारलं. जातात का, हे विचारलं नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलंच. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. म्हटलं, डेपोत जागा नाही म्हणाले, भरल्या. आत्याबाई "असं का," म्हणाल्या आणि वाकळ झटकायला गेल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं खोटं. मी ते कुणासाठी बोलले, त्यांच्यासाठी की यांच्यासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कदाचित स्वतःसाठीच. नवरा नको म्हणाला, यापेक्षा सरकार नको म्हणालं हे ऐकायला कमी लागतं.

पोळ्याला आठ दिवस असताना हे गेले. थांबता येईना, रजा सरकारच्या तारखेने संपली. बैलांची शिंगं आत्याबाईंनी आणि मी रंगवली. त्यानंतर अमावास्येला त्या कणगीमागे गेल्या नाहीत. मी एकदा चुन्याची डबी पुढे केली तर म्हणाल्या, किती काढायच्या ते कुनी सांगितलंय?

सुनंदा काल म्हणाली, पाळीपाळीनं. मला वाटलं, पोरी, पाळी कागदावर असते. माणूस एकदा लांब गेला की त्याचं तिकडेही एक घर होतं. छप्पर नसलेलं, चुलीवाचूनचं, पण घर. तिथेही कुणीतरी त्याच्या भरवशावर झोपतं. हे मला समजायला बरीच वर्षं लागली, आणि समजलं म्हणून राग गेला असंही नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिले, एका गोठ्यातल्या दोन जनावरांसारखे.

त्या हिवाळ्यात आत्याबाईंना ताप भरला. आधी हिवताप वाटला, मग छातीत कफ धरला. मिरजगावचे वैद्य रोज येत. माघ लागला तेव्हा मी ठरवलं, भिंगारच्या कारकुनांना पत्र टाकावं, आईचं दुखणं कळवून यांना बोलावून घ्यावं. कागद घेऊन बसले तर आत्याबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढून तो धरला.

"नगं लिहू," त्या म्हणाल्या. "जागा हुती तवा त्यानं घेतली न्हाई. आता काय येतूय."

मी कागद खाली ठेवला. मग विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"तूच की. त्या दिवशी भाकरी थापताना तुझ्या डोळ्याचं पानी खळत नव्हतं. सरकारवर बाई रुसत न्हाई गं. नवऱ्यावर रुसती."

थोडा वेळ धाप लागली म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याला कळू देऊ नगंस, मला ठावं हुतं म्हनून. लई जीव खाईल."

मी हो म्हटलं. पत्र मात्र लिहिलं, त्यांच्या मागे, आणि शेजाऱ्याकडून टाकायलाही दिलं. ते मलायापर्यंत पोचायच्या आतच आत्याबाई गेल्या. लेकाच्या जागी शेवटचं पाणी चुलत दिरांनी दिलं.

यांना ते कळलं तेव्हा लॉऱ्यांचा ताफा कुठल्याशा रबराच्या बागांमधून चालला होता. पुढचं यशवंतांनी मला सांगितलं. ताफ्याच्या साहेबाला विचारून गाडी बाजूला घेतली, ओढ्यावर यशवंतांनी स्वतःच्या दाढीच्या वस्तऱ्याने यांचं डोकं भादरलं, आणि दोघे पुन्हा गाडीत बसले. त्या दिवशी सबंध वेळ यशवंतांनीच चालवली. नऊ महिन्यांचे चौदा झाले. दोघे बरोबर सुटून आले, दिवाळी नुकतीच झाली होती. हे घरात शिरले, आत्याबाईंच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता गोठ्यात गेले. बराच वेळ तिथेच होते.

त्यानंतर फौज संपली. पुढच्या धोंड्यात स्वराज्य आलं, त्या धोंड्याला माझ्या आईने यांना पुन्हा पाटावर बसवलं, तेव्हा अकरा खाल्ले. मी गावात मुलींच्या शाळेवर लागले. दोन मुलगे झाले, एक मुलगी झाली. यांनी पुढच्या साऱ्या आयुष्यात आपणहून एक रात्र घराबाहेर काढली नाही. मुलीच्या सासरी गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत. लोक म्हणायचे, बायकोच्या पदराला बांधलेला माणूस. मी हसून घ्यायची.

यशवंता दरवर्षी यायचे, येताना पेरू आणायचे. माणूस इतका साधा की त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही. आपल्या दोघांना हुकूमच झाला होता, असं ते अखेरपर्यंत धरून चालले. एकदा म्हणाले, वहिनी, सरकारनं तुमच्यावर लई अन्याय केला. हे शेजारी बसून पेरू कापत होते, मान वर केली नाही. मीही सरकारलाच दोष दिला. यशवंतांना खरं सांगून काय मिळालं असतं? ते गेले तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत, आणि मी दोन दिवस चूल पेटवली नाही.

या सगळ्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. संसारात बोलण्यासारखं पुष्कळ असतं, त्याखाली ते दबून राहतं. गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. नगरला महिनाभर ठेवून घरी आणलं. शेवटचे काही आठवडे ओसरीवर खाट टाकली होती, बाहेरची वाट दिसावी म्हणून. एका दुपारी मी ज्वारी निवडत होते. हे जागे होते. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळायचे.

म्हणाले, "तवा मी चुकलो."

कधी, कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. चाळीस वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहत होते आणि ते आलं की काय म्हणायचं हेही ठरवून ठेवलं होतं. असू द्या, झालं गेलं, तुमचाही इलाज नव्हता, असं सगळं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, लागलं. पण थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा सैल झाला होता. मग वाटेकडे बघत त्यांनी विचारलं, "आईला ठावं हुतं?"

मी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

"न्हाई," मी म्हटलं. "जागा भरल्या म्हनून सांगितलं मी. त्यांना तेच खरं वाटलं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग म्हणाले, चहा कर, गोड कर. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. मी दोन चमचे घातली.